कपाच्या तळाशी कोणाची खूण? मायसेनच्या चिनी मातीची गोष्ट



संग्रहालयाची सहल आपण सगळेच काढतो. मुलांची रांग, हातात वही, आणि आपली ठरलेली वाक्यं: "काचेला हात लावू नका. खूप जुनं आहे, खूप महाग आहे. चला, पुढे चला." मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आले. एकदा सहावीच्या वर्गाला घेऊन युरोपीय वस्तूंच्या दालनातून जात होते. कपाटात पांढरीशुभ्र, सोनेरी काठाची कपबशी होती. चिठ्ठीवर लिहिलेलं: मायसेन, जर्मनी, १८वे शतक. एक मुलगी तिथेच थांबली. तिचे वडील वीटभट्टीवर काम करतात. तिने विचारलं, "बाई, हे कोणी भाजलं?"

मी म्हणाले, "जर्मनीत झालंय ते. तिथल्या राजाचा कारखाना होता."

"पण भट्टीवर कोण होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. चिठ्ठीवर देश होता, शतक होतं, माणूस नव्हता. त्या प्रश्नाचं उत्तर शोधत गेले आणि जे हाती लागलं ते इतकं रंजक निघालं की आज तुमच्यासाठी लिहून काढते आहे. इतिहास, विज्ञान, गणित, कला असे सगळे तास या एका कपात मावतात. पण आधी मातीकडे बघू.

चिनी माती म्हणजे नेमकं काय?

आपल्या घरातच मातीच्या भांड्यांचे तीन प्रकार सापडतात. पहिला, पाण्याचा माठ. तो कमी आचेवर भाजलेला असतो, त्याच्या अंगात बारीक छिद्रं राहतात. म्हणून तर पाणी झिरपतं आणि गार होतं. दुसरा, लोणच्याची बरणी. ती जास्त आचेवर भाजतात, ती घट्ट असते, तेल-मीठ झिरपू देत नाही. पण जाड असते आणि उजेडासमोर धरली तरी आरपार काही दिसत नाही. तिसरा प्रकार म्हणजे खरी चिनी माती, पोर्सिलेन. पातळ, पांढरी, टिचकी मारली की घंटेसारखी वाजणारी. उजेडासमोर धरून मागे बोट ठेवलं तर बोटाची सावली दिसते.

हा फरक कशामुळे पडतो? पोर्सिलेनमध्ये दोन मुख्य घटक लागतात. एक केओलिन नावाची पांढरी माती. ती प्रचंड उष्णता सोसते, आकार सोडत नाही. दुसरा, फेल्डस्पारसारखा दगड दळून केलेली पूड. ही पूड मोठ्या आचेत वितळते आणि मातीच्या कणांमधली पोकळी काचेसारखी भरून काढते. एक घटक हाडांचं काम करतो, दुसरा मांसाचं म्हणा ना! पण ही जोडी जमायला भट्टी साधारण १३०० ते १४०० अंश सेल्सियसपर्यंत न्यावी लागते.

चीनमधल्या कारागिरांना हे युरोपच्या सुमारे हजार वर्षं आधीपासून जमत होतं. आपण या मातीला 'चिनी' म्हणतो, त्यातच तिचा पत्ता आहे. युरोपीय भाषांमधला 'पोर्सिलेन' हा शब्द मात्र इटालियन भाषेतल्या कवडीच्या नावावरून आला. कवडीसारखं गुळगुळीत आणि चमकदार, म्हणून ते नाव.

राजाला जडलेला आजार

सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं चीन आणि जपानमधून लाखो भांडी युरोपात नेऊ लागली. त्याच काळात चहा, कॉफी आणि चॉकलेट ही गरम पेयं तिकडे लोकप्रिय होत होती. चांदीच्या पेल्याने ओठ भाजत. पोर्सिलेनचा कप मात्र हाती धरायला सोयीचा, धुवायला सोपा, वास न धरणारा. श्रीमंत घरांत त्याचं वेड लागलं.

सगळ्यांत जास्त वेड लागलं ते जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांताच्या राजाला, ऑगस्टसला (१६७०–१७३३). 'बलवान ऑगस्टस' म्हणून तो ओळखला जाई. पोलंडचं सिंहासनही त्याच्याकडे होतं. आपल्याला पोर्सिलेनचा आजारच जडला आहे, असं तो स्वतः म्हणे. हा आजार किती गंभीर होता ते बघा. १७१७ साली त्याने शेजारच्या प्रशियाच्या राजाकडून १५१ चिनी भांडी घेतली आणि बदल्यात आपले ६०० घोडदळाचे सैनिक देऊन टाकले. पैसे नव्हेत, माणसं! त्या सौद्यातल्या उंच निळ्या-पांढऱ्या बरण्यांना आजही 'सैनिकांच्या बरण्या' अशा अर्थाचं नाव आहे, आणि त्यातल्या काही ड्रेस्डेन शहरातल्या त्स्विंगर राजवाड्यातल्या पोर्सिलेन संग्रहालयात उभ्या आहेत. तो संग्रह आज सुमारे २०,००० वस्तूंचा आहे.

एवढा पैसा पूर्वेकडे वाहतोय म्हटल्यावर कोणालाही वाटेल, आपणच ही माती का बनवू नये? प्रयत्न झालेही होते. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये १५७५ च्या सुमारास मेदिची घराण्याच्या आश्रयाखाली, आणि पुढे फ्रान्समध्ये. काचेसारखं दिसतं म्हणजे यात काच असणार, अशा समजुतीने काचेला लागणारा माल मातीत मिसळला गेला. भांडी सुंदर झाली. पण भट्टीत वेडीवाकडी होत, आणि खऱ्या पोर्सिलेनचा कणखरपणा त्यांत नव्हता.

सोनं करायला ठेवला, माती घेऊन बाहेर आला

आता या गोष्टीतला खरा माणूस येतो. योहान फ्रीडरिश ब्योटगर. जन्म १६८२. बर्लिनमध्ये एका औषधवाल्याकडे उमेदवारी करणारा पोरगा. आपण साध्या धातूचं सोनं करू शकतो, अशी बढाई त्याने मारली आणि बातमी प्रशियाच्या राजापर्यंत गेली. घाबरून १७०१ मध्ये तो सॅक्सनीत पळाला. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पण ऑगस्टसलाही सोनं हवंच होतं! त्याने ब्योटगरला पकडून ड्रेस्डेनला आणलं आणि पहाऱ्यात ठेवलं. काम एकच: सोनं कर.

सोनं कसलं होतंय? १७०३ मध्ये तो पळाला, ऑस्ट्रियात सापडला, परत आणला गेला. पुढे मायसेनच्या आल्ब्रेख्त्सबुर्ग किल्ल्यात त्याची प्रयोगशाळा थाटली, मग स्वीडनच्या फौजा आल्या म्हणून काही काळ क्योनिगश्टाइनच्या डोंगरी किल्ल्यात त्याला ठेवलं. थोडक्यात, एका खोट्या बढाईची शिक्षा म्हणून तरुणपणाची जवळजवळ १३ वर्षं त्याने राजाच्या पहाऱ्यात काढली.

याच काळात त्याची गाठ पडली एरनफ्रीड वाल्टर फोन चिर्नहाउस या गणितज्ञाशी. चिर्नहाउस मोठमोठी भिंगं आणि आरसे वापरून सूर्याची उष्णता एका बिंदूवर आणत असे आणि कोणती माती, कोणता दगड किती तापात वितळतो ते तपासत असे. सोन्याचा नाद सोड, माती बघ, अशी दिशा त्याच्या कामातून ब्योटगरला मिळाली. मदतीला आली फ्रायबर्गच्या खाणींवरची आणि धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांवरची माणसं. आग कशी वाढवायची आणि वाढवलेली टिकवायची कशी, हे पुस्तकातल्या विद्वानांपेक्षा त्यांना जास्त कळत होतं.

१५ जानेवारी १७०८ या तारखेची एक नोंद आजही जपलेली आहे. तिच्यात सात मिश्रणं लिहिलेली आहेत: पांढरी माती आणि अलाबास्टर नावाचा मऊ पांढरा दगड, दर वेळी वेगळ्या प्रमाणात. काही तुकडे भट्टीत ढासळले. काही मात्र पांढरे आणि उजेड झिरपू देणारे निघाले. मित्रांनो, हे पान मला फार मोलाचं वाटतं. जादू नाही, मंत्र नाही. प्रमाण बदला, भाजा, लिहून ठेवा, पुन्हा भाजा. ज्या मुलाने जादूची बढाई मारली होती, तोच आता वहीत आकडे लिहीत होता.

चिर्नहाउस त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारला. मार्च १७०९ मध्ये ब्योटगरने राजाला कळवलं की पांढरं पोर्सिलेन जमलं आहे. जानेवारी १७१० मध्ये राजाने कारखान्याची घोषणा केली आणि जूनमध्ये तो मायसेनच्या किल्ल्यात सुरू झाला. ब्योटगरची सुटका १७१४ मध्ये झाली. तोपर्यंत तब्येत खालावली होती. १३ मार्च १७१९ ला, वयाच्या ३७व्या वर्षी तो गेला. त्याने सोनं केलंच नाही. पण त्याच्या मातीला लोक 'पांढरं सोनं' म्हणू लागले.

किल्ल्यात कारखाना कशाला?

उत्तर सोपं आहे. गुपित बाहेर जाऊ नये म्हणून. मातीचं मिश्रण एकाला माहीत, वरच्या झिलईचं दुसऱ्याला. पूर्ण कृती कोणा एकाच्या हाती नको, अशी राजाची काळजी. पण ज्ञान भिंतीत कोंडून राहतं का? फ्रायबर्गच्या खाणीतून आलेला सॅम्युएल श्ट्योल्त्सेल नावाचा भट्टीवरचा जाणकार १७१९ मध्ये व्हिएन्नाला निघून गेला आणि तिथल्या नव्या कारखान्यात पोर्सिलेन होऊ लागलं. पण कबूल केलेले पैसे मिळेनात, तेव्हा १७२० मध्ये तो परत आला. येताना सोबत योहान ग्रेगोरिउस हेरोल्ट हा तरुण चित्रकार घेऊन आला. पुढे याच हेरोल्टने भट्टीत टिकणाऱ्या रंगांची अशी पेटी तयार केली की मायसेनचं नाव सगळीकडे झालं.

आणखी एक नाव सांगते: डेव्हिड क्योलर. तोही फ्रायबर्गकडचाच. चिनी भांड्यांवर असतो तसा झिलईखालचा निळा रंग मायसेनमध्ये जमवण्यात त्याचा मोठा हात होता. हा निळा कोबाल्टचा. एवढ्या आचेत बहुतेक रंग जळून जातात, कोबाल्ट टिकतो. म्हणूनच जुन्या भांड्यांवर निळा रंग इतका दिसतो. मुलांना हे सांगून बघा, "सगळीकडे निळंच का?" या प्रश्नाचं उत्तर त्यांना आयुष्यभर लक्षात राहील.

एक कप तयार व्हायला काय काय लागे ते आता क्रमाने पाहू:

१. माती आणि दगडाची पूड धुऊन, गाळून, मळून काही काळ मुरत ठेवायची.

२. चाकावर किंवा साच्यात आकार द्यायचा. कान वेगळा करून पातळ मातीने चिकटवायचा.

३. वाळवून साधारण ९०० अंशांवर पहिली भाजणी. आता कप घट्ट होतो, पण पाणी शोषतो.

४. निळा रंग द्यायचा असेल तर आताच. मग कप झिलईच्या द्रावणात बुडवायचा.

५. १३०० ते १४०० अंशांवर मोठी भाजणी. इथेच कप टिकतो किंवा फुकट जातो.

६. लाल, हिरवे, पिवळे रंग झिलईवर देऊन पुन्हा कमी आचेवर भाजायचं. सोनं लावलं तर ते भाजून झाल्यावर अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घासून चमकवायचं.

म्हणजे साध्या दिसणाऱ्या सोनेरी काठाच्या कपाने तीनदा आग पाहिलेली असते. आणि प्रत्येक टप्प्यावर माणूस वेगळा. शिवाय मोठ्या भाजणीत वस्तू सगळ्या बाजूंनी साधारण एक-षष्ठांशाने आक्रसते. १२ सेंटिमीटर उंचीचा कप हवा असेल तर ओल्या मातीचा कप १४ सेंटिमीटरहून थोडा उंच करावा लागतो. कारागिराच्या डोळ्यांत हा हिशेब पक्का बसलेला असे.

गोव्याहून निघालेला गेंडा

ऑगस्टसची हौस कपबशांवर थांबली नाही. ड्रेस्डेनमधल्या आपल्या एका राजवाड्यासाठी त्याने १७३०च्या सुमारास पोर्सिलेनचे मोठमोठे प्राणी मागवले: सिंह, हत्ती, मोर, माकडं. त्यात एक गेंडा आहे, योहान गॉटलीब किर्शनर या शिल्पकाराने घडवलेला. हा गेंडा नीट पाहिला तर हसू येतं. त्याच्या अंगावर चिलखतासारखे पत्रे आहेत आणि पाठीवर एक जादा शिंग आहे!

असं का? कारण किर्शनरने गेंडा पाहून नाही, चित्र पाहून घडवला. ते चित्र म्हणजे आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन कलावंताचा १५१५ सालचा लाकडी ठशाचा छाप. आणि गंमत म्हणजे ड्यूररनेही गेंडा कधी पाहिला नव्हता. लिस्बनहून आलेल्या वर्णनावरून आणि कच्च्या रेखाटनावरून त्याने तो काढला. मग लिस्बनमध्ये गेंडा आला कुठून? आपल्याच किनाऱ्यावरून. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याने तो पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट दिला होता. अल्बुकर्कने तो १५१५च्या सुरुवातीला गोव्याहून पोर्तुगालला रवाना केला. २० मे १५१५ ला गेंडा लिस्बनला उतरला. तिथून पुढे पोपला भेट म्हणून पाठवलं, तेव्हा इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि तो बिचारा मेला. त्याचं चुकीचं चित्र मात्र दोनशे वर्षं जगलं, आणि शेवटी मायसेनच्या मातीत उतरलं.

या प्राण्यांकडे आणखी एका गोष्टीसाठी पाहायला हवं. ते इतके मोठे होते की भट्टीत त्यांना भेगा गेल्या. त्या भेगा आजही दिसतात. पुन्हा भाजायचा धोका नको म्हणून त्यांच्यावरचे रंग न भाजता नुसतेच दिले गेले, आणि बहुतेक उडून गेले. म्हणून आज ते पांढरे दिसतात. राजाने हुकूम दिला. पण मातीला हुकूम कळत नाही. भट्टीसमोरच्या माणसांना हे आधीच कळलं असणार. तरी त्यांनी केलं, आणि त्या काळात कोणी केलं नव्हतं एवढं मोठं करून दाखवलं. मला तर त्या भेगांमध्येच माणूस दिसतो.

पुढे १७३१ मध्ये योहान योआखिम केंडलर आला आणि चार दशकांहून अधिक काळ त्याने मायसेनचे नमुने घडवले. त्याने घडवलेला 'हंस संच' हा जेवणाच्या भांड्यांचा संच दोन हजारांहून अधिक नगांचा होता. पण केंडलर करायचा तो नमुना. त्या नमुन्याचे तुकडे करून प्रत्येकाचा साचा घ्यायचा, साच्यात माती दाबायची, निघालेले हात, डोकी, पंख पातळ मातीने जोडायचे आणि सांधा दिसणार नाही असं साफ करायचं, हे काम दुसऱ्यांचं. नाव केंडलरचं, बोटं त्यांची.

मग "हे कोणी भाजलं?"

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. मायसेनच्या भांड्याच्या तळाशी दोन निळ्या तलवारींची फुली असते. ती १७२०च्या दशकापासूनची कारखान्याची खूण. तलवारी राजाच्या राजचिन्हातल्या. पण तळ नीट पाहिला तर कित्येकदा ओल्या मातीत दाबलेला एखादा आकडा किंवा बारीकशी खूणही सापडते. ती आकार देणाऱ्या कारागिराची. कामाचा हिशेब राहावा म्हणून तो ती उमटवत असे. कपाटात कप सरळ ठेवलेला असतो, म्हणून आपल्याला सोन्याचा काठ दिसतो आणि तो आकडा दिसत नाही.

पुढच्या वेळी त्या मुलीला मी एवढंच सांगू शकले: "भट्टीवर खाणीतून आलेली माणसं होती. आग ओळखणारी. तुझ्या बाबांसारखी." ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी वहीत तिने विटांच्या भट्टीचं चित्र काढून आणलं. वीट कुठे रचतात, आग कुठून देतात, सगळं बाण दाखवून. वर्गाने तिला अर्धा तास प्रश्न विचारले. त्या अर्ध्या तासात शिक्षक ती होती.

वर्गात आणि घरी करून बघा

• माठ, बरणी आणि कप असे तीन तुकडे आणा. फुटक्या भांड्यांचे चालतील, कडा बोथट असाव्यात. प्रत्येकावर पाण्याचा थेंब टाका. कोण पितं, कोण नाही?

• चांगला पांढरा कप मोबाईलच्या टॉर्चसमोर धरा. बोटाची सावली दिसते का?

• घरातला प्रत्येक कप उलटा करा. तळाशी काय छापलंय ते मुलांनी टिपून आणायचं.

• एका मुलाने प्राण्याचं फक्त वर्णन करायचं, दुसऱ्याने न पाहता चित्र काढायचं. मग ड्यूररच्या गेंड्याची गोष्ट सांगा.

• ओल्या मातीची १० सेंटिमीटरची पट्टी करून वाळवा आणि पुन्हा मोजा. किती आक्रसली?

• मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेल्या युरोपीय कलावस्तू आहेत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातही युरोपीय पोर्सिलेन आहे. सहल तिकडे गेली तर प्रत्येक मुलाला एकच वस्तू निवडायला सांगा आणि तिच्यासाठी किती जणांचे हात लागले असतील याची यादी करायला लावा.

पालकहो, घरी कप फुटला की आपण आधी किंमत आठवतो. तेही साहजिक आहे. पण ओरडून झाल्यावर एक तुकडा उचला आणि मुलाला त्याची कड दाखवा: आतपर्यंत पांढरी, काचेसारखी घट्ट. सांगा की ही कड जमवायला एक पोरगा वर्षानुवर्षं कैदेत राबला, आणि त्याच्या शेजारी आग सांभाळणारी माणसं होती, ज्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

मी आता संग्रहालयात "महाग आहे, पुढे चला" म्हणत नाही. थांबते, आणि मुलांनाच विचारते, "सांगा बरं, हे कोणी भाजलं असेल?"

तुमच्या वर्गात यातला कोणता उपक्रम केलात, मुलं काय म्हणाली, ते जरूर कळवा.